सावली धरून ठेवणारे गाव

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकडे आपली माणसे गेली की फिरण्याची यादी ठरलेली असते. लंडनचा पूल, राजवाडा, म्युझियम, एखाद दिवस समुद्रकिनारा आणि मग बाजार. लेकॉक नावाचे खेडे त्या यादीत सहसा नसते. आमच्याही नव्हते. पण घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला फोटोग्राफीचे वेड. तिने हट्ट धरला आणि जूनमधल्या एका शनिवारी आम्ही निघालो.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून पश्चिमेकडे जाणारी गाडी सव्वा तासाच्या आसपास चिपनहॅमला सोडते. तिथून लेकॉक जेमतेम पाच किलोमीटर. बस मिळते. गाव म्हणजे चौकोनात बसवलेल्या चार गल्ल्या, एक चर्च, एका अंगाला ओढा आणि थोडे पलीकडे एव्हॉन नदी. पंधरा-वीस मिनिटांत सारे गाव पायी पालथे घालता येते. घरे दगडाची आणि लाकडी सांगाड्याची. काही इतकी जुनी की भिंती बाहेरच्या बाजूला झुकल्या आहेत. रस्त्यावर विजेच्या तारा लोंबत नाहीत, छपरांवर अँटेना नाहीत. म्हणूनच सिनेमावाले इथे वारंवार येतात. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतली काही दृश्ये इथलीच. पण गाव म्हणजे देखावा नाही. या घरांत माणसे भाड्याने राहतात, खिडक्यांत कुंड्या ठेवतात, अंगणात कपडे वाळत घालतात.

गावाच्या टोकाला लेकॉक अ‍ॅबी ही मोठी हवेली आहे. तेराव्या शतकात एला नावाच्या एका उमराव बाईने इथे जोगिणींसाठी मठ बांधला आणि पुढे ती स्वतःही तिथेच जोगीण म्हणून राहिली. १५३९ साली राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, इमारत विकली गेली आणि तिचे राहते घर झाले. मठाच्या दगडी कमानींच्या ओवऱ्या अजून शाबूत आहेत. वरच्या मजल्यावरच्या लांब दालनात जाळीदार काचांची एक खिडकी आहे. दिसायला अगदी साधी. याच खिडकीसाठी जगभरातून माणसे या खेड्यात येतात. ऑगस्ट १८३५ मध्ये घराच्या मालकाने तिची कागदावर एक प्रतिमा उतरवली. आज टिकून असलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह तीच.

अंधारी खोली

त्या मालकाचे नाव विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. जन्म १८००, मृत्यू १८७७. गणित, वनस्पती, जुन्या लिपी अशा अनेक विषयांत गती असलेला हा माणूस. काही काळ पार्लमेंटचा सभासदही होता. चित्रकला मात्र त्याला जमत नसे. १८३३ साली तो पत्नी कॉन्स्टन्ससह इटलीतल्या कोमो सरोवरावर गेला होता. कॉन्स्टन्सचा हात चित्रकलेत चांगला. हा लोलकाच्या उपकरणातून दिसणारे दृश्य पेन्सिलीने गिरवायला बसला आणि कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. उपकरणात इतके सुंदर उमटलेले दृश्य कागदावर आपोआप टिकून राहिले तर, असा विचार तिथे त्याच्या मनात आला.

दृश्य उमटवणारी अंधारी पेटी ही काही त्याची कल्पना नव्हे. बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागेत शिरणारा प्रकाश समोरच्या पडद्यावर बाहेरची उलटी प्रतिमा उमटवतो, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. या गोष्टीचा शिस्तीने अभ्यास करणाऱ्यांत आपल्या इब्न अल-हैसमचे नाव अग्रभागी आहे. बसऱ्यात जन्मलेल्या आणि काहिऱ्यात आयुष्य घालवलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकात 'किताबुल मनाजिर' हा प्रकाशावरचा मोठा ग्रंथ लिहिला. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणाऱ्या सूर्याच्या कोरीचा अभ्यास करून त्याने स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. काही लोक मोठ्या अभिमानाने सांगतात की 'कॅमेरा' हा शब्दच अरबीतून आला. तसे नाही. तो लॅटिनमधला आहे आणि त्याचा अर्थ खोली. पण गंमत अशी की आपण घरात बोलताना 'कमरा' म्हणतो तो शब्दही त्याच लॅटिन मुळाचा, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला. कमरा आणि कॅमेरा हे सख्खे भाऊ आहेत.

टॅल्बटने कागद मिठाच्या पाण्यात भिजवला, वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण फिरवले. अशा कागदावर प्रकाश पडला की तो काळवंडतो. त्यावर झाडाचे पान किंवा लेसचा तुकडा ठेवून उन्हात धरला तर पानाखालचा भाग पांढरा राहतो आणि भोवताल काळा होतो. मग पुन्हा दाट मिठाच्या पाण्याने धुऊन ही प्रतिमा शक्य तितकी टिकवायची. मीठ हा घरातला पदार्थ. चांदीचे क्षार तेवढे बाहेरून आणायचे. छोट्या लाकडी पेट्यांना भिंग बसवून त्याने त्यात असे कागद ठेवले आणि पेट्या हवेलीभोवती जागोजाग मांडल्या. कॉन्स्टन्सने पतीला लिहिलेल्या पत्रात या पेट्यांना उंदराचे सापळे म्हटले आहे. घरात इकडे-तिकडे पडलेल्या त्या पेट्या पाहून कोणत्याही गृहिणीला दुसरे काय वाटणार?

खिडकीची ती पहिली निगेटिव्ह टपालाच्या तिकिटाएवढी. ताजी असताना भिंगातून पाहिले तर तिच्यातले काचांचे सुमारे दोनशे तुकडे मोजता येत, असे टॅल्बटने स्वतः नोंदवून ठेवले आहे.

न्यायाने हेही सांगायला हवे की हा शोध एकट्या लेकॉकचा नाही. टॅल्बटच्या काही वर्षे आधी फ्रान्समधल्या एका खेड्यात नीसेफोर नीएप्स याने आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरे धातूच्या पत्र्यावर उमटवली होती. पॅरिसच्या दागेरची पद्धत जानेवारी १८३९ मध्ये जाहीर झाली आणि ती बातमी ऐकून टॅल्बटने घाईघाईने आपले काम लंडनच्या विद्वानांपुढे मांडले. दागेरच्या पत्र्यावर फार रेखीव चित्र येई, पण ते एकच. त्याची नक्कल निघत नसे. लेकॉकच्या कागदी निगेटिव्हपासून मात्र हव्या तितक्या प्रती काढता येत. एक फोटो दहा नातेवाइकांच्या घरी असू शकतो, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी गोष्ट इथून सुरू झाली.

घरचेच मंडळ

हवेलीच्या फाटकाजवळच्या जुन्या कोठारात १९७५ पासून फोटोग्राफीचे संग्रहालय आहे. तिथली चित्रे पाहताना एक गोष्ट मनात भरते. हे चित्रकार पैसे कमावण्यासाठी बसलेले नव्हते. ते हौशी होते आणि बहुतेक एकमेकांचे नातेवाईक, शेजारी, पाहुणे नाहीतर नोकर होते. मंडळाची पाटी नाही, सभासदांचे रजिस्टर नाही, पण काम मंडळाचेच चालले होते.

कॉन्स्टन्सने १८३९ च्या सुमारास स्वतः प्रयोग केले. फोटो काढणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. नीकोलास हेन्नमन हा हॉलंडहून आलेला घरचा नोकर. मालकाला मदत करता करता तो इतका तयार झाला की पुढे रेडिंग शहरात त्याने फोटोच्या प्रती काढण्याचा कारखाना चालवला. टॅल्बटची मावसबहीण एमा वेल्समध्ये स्वानसीजवळ पेनलरगेअर इथे दिली होती. तिचा नवरा जॉन डिल्विन लुएलिन हाही या नादाला लागला. त्याची बहीण मेरी डिल्विन हिने तर वेगळीच वाट धरली. इतर लोक मोठमोठे कॅमेरे लावून माणसांना पुतळ्यासारखे बसवत, तेव्हा ती छोटा कॅमेरा घेऊन घरातल्या मुलांचे, फुलांचे, पाळीव पक्ष्यांचे फोटो काढी. लहान पेटीत प्रकाश लवकर काम करतो, त्यामुळे तिच्या चित्रांत माणसांच्या चेहऱ्यावर हसू पकडले गेले. बर्फाच्या बाहुल्याचे सर्वांत जुन्या फोटोंपैकी एक तिने १८५३-५४ च्या सुमारास काढलेले. टॅल्बटच्या ओळखीतल्या एका विद्वानाची मुलगी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स हिने १८४३ पासून समुद्री शेवाळांच्या निळ्या छापांचे पुस्तक हप्त्या-हप्त्याने घरीच तयार केले. छापील चित्रांऐवजी फोटोंनी सजलेल्या पुस्तकांत ते पहिले मानतात.

आपल्याकडे अजूनही कुठे कुठे म्हणतात की यंत्राचे काम बायकांचे नव्हे. या कलेच्या पहिल्या वीस वर्षांतच बायकांनी ती घरात बसून पुढे नेली, हे आमच्या मुलीने संग्रहालयातल्या पाटीपाशी उभे राहून आम्हाला ऐकवले. आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले.

या लोकांनी काढले काय? टॅल्बटचे 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत निघाले. त्यात खरेखुरे फोटो चिकटवलेले, एकूण चोवीस. त्यांतले एक चित्र उघड्या दाराचे आहे. दाराला टेकून ठेवलेला खराटा, बाजूला टांगलेला कंदील आणि घोड्याचा लगाम, बस्स. दुसरे गवताच्या गंजीचे, तिला टेकवलेली शिडी. तिसरे फडताळात मांडलेल्या चिनीमातीच्या भांड्यांचे. त्याखाली टॅल्बट सुचवतो की ही भांडी चोरीला गेली तर हे चित्र कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येईल. त्या काळी मोठी चित्रे राजांची, लढायांची, देवळांची काढत. या माणसाने नवी कला हाती येताच तिच्यात खराटा धरला. आज दीडशे वर्षांहून अधिक काळ उलटला. तो खराटा धरणारे हात गेले, गंज गेली. इंग्लंडचे खेडे तेव्हा कसे होते हे सांगायला ही चित्रे उरली आहेत.

कुलूप आणि किल्ली

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सप्टेंबर १८४० मध्ये टॅल्बटला मोठा शोध लागला. कागद थोडाच वेळ प्रकाशात ठेवला तरी त्यावर न दिसणारी प्रतिमा उमटलेली असते आणि गॅलिक अ‍ॅसिडने धुतले की ती वर येते. तासाचे काम मिनिटांवर आले. या पद्धतीला कॅलोटाइप असे नाव पडले. फेब्रुवारी १८४१ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. म्हणजे इंग्लंडमध्ये कोणालाही ही पद्धत वापरायची तर टॅल्बटची परवानगी हवी आणि धंद्यासाठी वापरायची तर पैसे हवेत.

परिणाम काय झाला ते पाहण्यासारखे आहे. पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते. तिथे १८४३ च्या सुमारास वकील आणि त्यांच्या मित्रांनी एडिंबरा शहरात कॅलोटाइप क्लब काढला. जगातला हा पहिला फोटोग्राफी क्लब समजला जातो. मित्र एकमेकांच्या घरी जमत, चित्रे दाखवत, अदलाबदल करत. त्यांचे अल्बम आजही एडिंबरामध्ये जपून ठेवलेले आहेत. त्याच शहरात डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या जोडीने जवळच्या न्यूहेवन या कोळ्यांच्या गावी जाऊन मासे विकणाऱ्या बायका, होड्या, जाळी आणि मच्छीमार टिपले. हर्णै-दाभोळच्या बंदरात वाढलेल्या माणसाला त्या पाट्या, ती पोती आणि कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या बायका पाहून आपलेच कोणी भेटल्यासारखे वाटेल. हे सारे बहरत असताना ज्या देशात शोध लागला तिथे हौशी मंडळी कायद्याच्या भीतीने हात आखडून होती.

१८५१ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर ओल्या कलोडियनचा थर देऊन फोटो काढण्याची पद्धत शोधली. ती दोन्ही जुन्या पद्धतींहून सरस निघाली. आर्चरने पेटंट घेतले नाही. पद्धत छापून सर्वांसाठी खुली केली. पुढची जवळपास तीस वर्षे जग याच पद्धतीने फोटो काढत राहिले. आर्चर मात्र १८५७ मध्ये गरिबीत वारला. टॅल्बटवरही दबाव वाढत गेला. ऑगस्ट १८५२ मध्ये त्याने वर्तमानपत्रात पत्र प्रसिद्ध करून हौशी लोकांसाठी आपला हक्क सोडला. धंदेवाईक चित्रांवरचा हक्क तेवढा राखला आणि १८५४ मध्ये तोही तो कोर्टात राखू शकला नाही. हौशी लोकांसाठी दार मोकळे झाल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १८५३ मध्ये, लंडनला फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. ती आजही चालू आहे.

टॅल्बटला खलनायक ठरवणे योग्य नाही. त्याने घरचे पैसे घालून वर्षानुवर्षे प्रयोग केले होते. पण आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगतात की इल्म वाटल्याने वाढते, त्याचा एवढा सरळ पुरावा इतिहासात क्वचित सापडतो. कुलूप असताना ही कला इंग्लंडमध्ये थोड्यांच्याच हाती राहिली. किल्ली फिरली आणि सुमारे दोन वर्षांत मुंबईतही तिची सोसायटी उभी राहिली.

मुंबई, लखनौ, मक्का

ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही पहिली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या सोसायट्या १८५६ च्या. मुंबईच्या सोसायटीत इंग्रज अधिकारी आणि व्यापारी होते तसे एतद्देशीयही होते. तिने स्वतःचे नियतकालिक काढले, प्रदर्शने भरवली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने वैद्य, पण फोटोग्राफीत नावाजलेले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेन्डरसन यांनी १८५६ पासून दोन-तीन वर्षे 'द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' ही मालिका चालवली. तिच्या नावातच हौशी हा शब्द आहे. मुंबईतल्या निरनिराळ्या जमातींचे पोशाख, पगड्या, बैठका तिच्यामुळे टिकून राहिल्या.

लखनौमध्ये १८५७ च्या आधी अहमद अली खान, ज्यांना छोटे मियाँ म्हणत, ते कॅमेरा चालवत होते. त्यांनी काढलेल्या लखनौच्या इंग्रज रहिवाशांच्या फोटोंचे अल्बम आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंडाच्या धुमाळीत त्यांतली कितीतरी माणसे मेली आणि त्यांच्या चेहऱ्यांची आठवण एका हिंदुस्थानी मुसलमानाच्या हातून मागे राहिली.

आणि मक्का-मदिना! सादिक बे हे इजिप्तच्या फौजेतले इंजिनिअर. मोजणीसाठी हिजाजला गेले असता १८६१ मध्ये त्यांनी मदिना शरीफचे फोटो काढले. १८८० मध्ये इजिप्तच्या हाजींच्या काफिल्याबरोबर खजिनदार म्हणून जाऊन त्यांनी मक्केचे फोटो काढले. काचेची पेटी, रसायने, अंधाराचा तंबू हे सारे उंटावर लादून नेलेले. हरम शरीफचे हे सर्वांत जुने फोटो आहेत. त्यानंतर काही वर्षांनी मक्केतलेच एक डॉक्टर सय्यद अब्दुल गफ्फार यांनी कॅमेरा शिकून तिथल्या माणसांचे आणि हाजींचे फोटो काढले. सादिक बे इंजिनिअर, अब्दुल गफ्फार डॉक्टर. दोघांचाही पेशा फोटोग्राफरचा नव्हता. आज हरमच्या भोवती जुने मक्का जवळजवळ उरलेले नाही. त्यांच्या फोटोंवाचून ते आपल्याला दिसले नसते.

सावली आणि शरीअत

इथे वाचकांपैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल आणि तो टाळणे बरे नाही. सजीवांची चित्रे काढण्याबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत. फोटो त्यात येतो की नाही यावर उलेमांत मतभेद झाले. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोग्राफी जायज असल्याचे सांगणारा रिसाला लिहिला. त्यांचे म्हणणे असे की फोटो म्हणजे नवी आकृती घडवणे नव्हे. अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूची सावली काही साधनाने रोखून धरणे एवढेच ते आहे. हिंदुस्थानातल्या अनेक मोठ्या उलेमांना हे पटले नाही. त्यांनी गरजेपुरता, जसे पासपोर्टसाठी, फोटो चालेल असे सांगितले. ज्या घरात जे मत मानले जाते त्याचा आदर राखावा. इथे निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही.

पण एक योगायोग मात्र सांगावासा वाटतो. १८३९ मध्ये आपला शोध मांडताना टॅल्बटने त्याचे वर्णन सावली पक्की करण्याची कला असे केले होते. लेकॉकच्या ख्रिस्ती जमीनदाराला आणि काहिऱ्याच्या मुफ्तींना एकाच गोष्टीसाठी एकच उपमा सुचली.

दुसरे असे की झाडे, डोंगर, घरे, भांडी अशा निर्जीव वस्तूंच्या चित्रांना सवलत असल्याचे हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्या रिवायतीवरून स्पष्ट होते आणि त्यावर फारसा वाद नाही. लेकॉकची पहिली चित्रे पाहा. खिडकी, पान, खराटा, शिडी, चिनीमातीची भांडी. ज्या घरात माणसाचा फोटो भिंतीवर लागत नाही, त्या घरालाही हे सारे टिपून ठेवायला काहीच अडचण नाही.

आपल्या गावांचे काय?

कोकणातल्या आपल्या गावांकडे नजर टाका. घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर, आफ्रिकेत, मग आखातात गेले. पणजोबांचा फोटो आहे का विचारले तर अनेक घरांत एकच मिळतो, पासपोर्टवरचा. पणजीचा हजच्या कागदपत्रांतला. त्याच्या मागे ना तारीख, ना जागा. आणि ज्या घरात ती वावरली त्याचा तर एकही नाही. आता जांभ्या दगडाची जुनी घरे पाडून त्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहत आहेत. काही घरांना कुलूप आहे आणि मालक मुंब्रा, कुवेत किंवा बर्मिंगहॅमला. पडवी, माजघर, वायन, जाते, तांब्याचा हंडा, विहिरीवरचा रहाट, लाकडी खांबांची जुनी मशीद, कबरस्तानातल्या पुसट होत चाललेल्या दगडांवरची नावे. हे सारे आणखी वीस वर्षांनी कुठे दिसणार?

लेकॉकला जे जमले त्याला त्या काळी मीठ, चांदी, भिंग आणि जमीनदाराची फुरसत लागली. आज आपल्या प्रत्येक घरात दोन-तीन कॅमेरे खिशात फिरत असतात. फोटो तर आपण हजारांनी काढतो. पण ते फोन बदलला की जातात, आणि त्यांत बिर्याणीच्या पातेल्याचा फोटो असतो, ते पातेले ज्या चुलीवर चढले तिचा नसतो.

गावातल्या पाच-सहा मुला-मुलींनी एकत्र येऊन एक छोटे मंडळ काढावे. त्याला नाव नसले तरी चालेल. सुट्टीत गावी आल्यावर घरे, विहिरी, होड्या, अवजारे, जुनी हस्तलिखिते आणि निकाहनामे टिपावेत. माणसांचा फोटो त्यांना विचारूनच काढावा. घरातल्या बायकांची इच्छा नसेल तर कॅमेरा खाली ठेवावा, त्यांच्याकडून वस्तूंची नावे मात्र लिहून घ्यावीत, कारण ती त्यांनाच ठाऊक असतात. प्रती एकाच ठिकाणी न ठेवता मशिदीच्या जमातीकडे, शाळेकडे आणि दोन-तीन कुटुंबांकडे द्याव्यात. या कामाला पैसा लागत नाही.

लेकॉकला जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. गावातल्या खाणावळींत दारू मिळते आणि हलाल मांस मिळण्याची आशा धरू नये. घरून डबा न्यावा, नदीकाठच्या हिरवळीवर बसून खाता येतो. गावात मशीद नाही. बाथ आणि स्विंडन या शहरांत आहे. जूनमध्ये मगरिब रात्री नऊनंतर होते, त्यामुळे जोहर गवतावर चादर अंथरून अदा केली तरी दिवस पुष्कळ उरतो. हवेली, ओवऱ्या, संग्रहालय आणि गाव शांतपणे पाहायला चार तास हवेत.

खिडकीची मूळ निगेटिव्ह आता हवेलीत नाही. ती राष्ट्रीय संग्रहात सुरक्षित ठेवली आहे. ती ज्या कागदावर चिकटवली आहे त्यावर टॅल्बटने स्वतःच्या हाताने खिडकीचे वर्णन आणि 'ऑगस्ट १८३५' असे लिहिले आहे. ती नोंद नसती तर त्या जांभळट चिटोऱ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते. तेव्हा मंडळ निघो न निघो, या सुट्टीत घरातला जुना डबा उघडा, त्यातला एकेक फोटो बाहेर काढा, आजी-आजोबा अजून सांगू शकतात तोवर त्यांना विचारा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.